‘मी पण नाही विकले’

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मेधाताईपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्या विलासपाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर बहुधा चुकीचं ओळखता.

लोक मला शिस्तीचा माणूस म्हणतात. बाजार पडला की ओळखीपाळखीचे फोन येतात. कुणाचा तरी शेअर निकालानंतर आपटलेला असतो, आवाज कापत असतो. मी सांगतो, घाई करू नका. स्क्रीन बंद करा. आधी निकाल वाचा, मग ठरवा. सल्ला बरोबर आहे, त्यात खोट काही नाही. माझा आवाजही शांत असतो, अगदी मुरलेल्या डॉक्टरसारखा. पण हा माणूस झालो कसा—ते सांगायचं आहे. म्हणजे मुळात झालोच नाही, हे.

आम्ही तिघं होतो. मेधाताई माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा बरीच मोठी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, फणसवाडीत एकटी राहणारी. विलास माझा कॉलेजपासूनचा मित्र. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेला, परळच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन. आणि मी—दादरचा, एका विमा कंपनीत अकाउंट्सला. रविवारी सकाळी ताईकडे जमायचं, तिच्या हातचं काहीतरी गरम खायचं आणि शेअरबद्दल बोलायचं. असं कित्येक वर्षं चाललं होतं.

विलासला त्यात मी ओढलं होतं. आमच्या घरात शेअर नवे नव्हते. आजोबांच्या काळापासून कपाटात सर्टिफिकिटं होती. विलासच्या घरी पैसा म्हणजे पोस्ट. त्याचे वडील गिरणीत होते. तो शेअर घ्यायला तयार नव्हता, मी मागे लागलो. त्याला हात धरून बाजारात आणणारा मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सोयीने विसरेन.

नियम मेधाताईचा होता. न विकण्याचा नियम नव्हता तो, बरं का. लोकांना सांगताना मी एवढा भाग नेहमी गाळतो. नियम असा होता: तिमाहीचे निकाल लागले आणि भाव पडला, तर रविवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही. रविवारी तिघांनी बसून निकाल वाचायचे आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा—घेताना जे कारण होतं, ते आज खोटं ठरलंय का? ठरलं असेल तर विकायचं, तोटा सोसून, कुरकुर न करता. नसेल तर ठेवायचं. आणि मधल्या दिवसांत कुणाचा धीर सुटून हात गेलाच, तर तेही रविवारी सांगायचं. ताई म्हणायची, “भीती सगळ्यांनाच वाटते. ती बोललो नाही, तर ती आपल्या नकळत निर्णय घेते.” किती साधं होतं! आम्ही दोघांनी मान डोलावली होती.

मग ती पंपांची कंपनी आली. इमारतींना, शेतांना पाणी चढवणारे पंप बनवायची. कर्ज जवळपास नाही, माल चांगला, मालक सरळ. आम्ही महिनाभर वाचलं आणि तिघांनीही घेतले. मी जरा जास्तच घेतले—झेपतील त्याहून जास्त. ते मी त्या दोघांना सांगितलं नाही. खोट्याची सुरुवात तिथेच झाली असं म्हणता येईल. पण नको, तसं म्हटलं की मुख्य गोष्ट लहान होते.

निकाल लागले ते बाजार बंद झाल्यावर. विक्री मंदावलेली, नफा घसरलेला, आणि व्यवस्थापनाने पुढच्या दोन तिमाहींबद्दलही हात राखून सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलो तेव्हा बाजार उघडायचाच होता. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. आमच्या ऑफिसचा जिना कुणी वापरत नाही, सगळे लिफ्टने जातात. फोनवर भाव उघडला—आणि एका झटक्यात खाली गेला. पुन्हा खाली. माझा अंगठा ओला झाला होता, स्क्रीनवर नीट उमटत नव्हता. पँटला पुसला. निकाल मी वाचले नव्हते, फक्त बातमी वाचली होती. ‘विका’वर दाबलं, मिळेल त्या भावाला, सगळेच्या सगळे.

आणि काय वाटलं असेल? शरम? नाही. बरं वाटलं. घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं. जागेवर जाऊन मी कँटीनमधून चहा मागवला.

चहा संपायच्या आत विलासचा फोन आला.

“अव्या, बघितलंस काय? पार आपटलाय रे. काय करायचं?”

“काही करायचं नाही,” मी म्हणालो. “ठरलंय ना आपलं? रविवारपर्यंत हात लावायचा नाही.”

“तू ठेवलेस?”

“मग!”

“बरं. तू ठेवलेस तर मी पण ठेवतो.”

हे मी का केलं? किती वेळा विचारलंय स्वतःला. त्याचं नुकसान व्हावं असं मनात होतं का? नव्हतं, असं छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पण माझे विकून झाले होते, जीव मोकळा झाला होता, आणि मोकळ्या जिवाने शिस्त शिकवायला काय जातं? त्याच्या आवाजात जे होतं, तेच मघाशी जिन्यात माझ्या अंगठ्याला घाम फोडत होतं. ते ऐकणं मला सहन झालं नाही, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी भाव आणखी घसरला. विलासने फोन केला नाही.

रविवारी ताईने थालीपिठं लावली होती. विलास माझ्याआधी येऊन बसला होता, गॅलरीच्या दाराशी, खुर्चीच्या अगदी कडेवर. ताईने खाणं होईपर्यंत विषय काढला नाही. मग हात पुसत म्हणाली, “चला. आधी कोणी काय केलं ते सांगा, मग निकाल बघू. मी हात लावलेला नाही. दोन दिवस झोप नीट लागली नाही, पण हात लावला नाही.”

माझ्याकडे बघितलं.

“मी पण नाही विकले,” मी म्हणालो.

चार शब्दांचं वाक्य. अडखळलोही नाही. वाटलं होतं घसा कोरडा पडेल, पण काहीच झालं नाही. खोटं बोलताना माणसाला काहीतरी होतं असं आपण समजतो, नाही का?

मग विलास बोलला. खाली बघतच बोलला. “ताई, मी विकले. अव्याने सांगितलं होतं मला, नको म्हणून. एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी नाही राहवलं. लॅबमध्ये हात थरथरायला लागला, सुई टोचायची तर पेशंट माझ्याकडे बघायला लागला. शेवटी बाहेर जाऊन विकून टाकले. चुकलं माझं.”

त्याच क्षणी मी म्हणू शकलो असतो—अरे, मी पण. एवढंच. ताई हसली असती. तिने आम्हा दोघांना एकेक थालीपीठ जास्त वाढलं असतं आणि आम्ही निकाल वाचायला बसलो असतो. कुणाचं काही बिघडलं नसतं. माझं मघाचं वाक्य अजून हवेत होतं, मागे घेता येण्याजोगं होतं.

त्याऐवजी मी काय केलं ते आता सांगतो. इथवर मी जरा रमतगमत आलो, ते याच्यासाठीच.

पुढच्या गोष्टीआधी एक माहीत असायला हवं. कॉलेजच्या दिवसांत एकदा विलासने मला त्याच्या वडिलांचं सांगितलं होतं. गिरणी बंद पडल्यावरही ते कित्येक दिवस सकाळी डबा घेऊन घरून निघायचे आणि बंद गेटसमोर बसून यायचे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. विलासने एकदा त्यांना तिथे डबा खाताना बघितलं होतं. हे त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगताना रडला होता.

त्या रविवारी, मेधाताईसमोर, मी त्याला म्हणालो, “विलास, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुला हे नाही जमायचं. गिरणी बंद पडली तेव्हापासून तुमच्या घरात भीती मुरलीय रे. तुझे वडील गेटसमोर डबा घेऊन बसायचे, तू लॅबमध्ये फोन घेऊन बसतोस. इथे धीर रक्तात लागतो. तू आपली एफडी कर.”

हो, मी असं म्हणालो. समजावणीच्या सुरात म्हणालो, आवाज न चढवता. त्याच्या खांद्यावर हातही ठेवला.

विलासने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. राग दिसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “बरोबर आहे तुझं.” मग ताटली उचलून मोरीत ठेवून आला.

निकाल आम्ही वाचले. पावसाचं गणित चुकलं होतं, शेतीच्या पंपांची मागणी एका हंगामापुरती बसली होती. बाकी कंपनी जशीच्या तशी होती. घेतानाचं कारण उभं होतं. ताईने ते सावकाश समजावून सांगितलं. मी ‘तेच म्हणतोय मी’ अशा थाटात मान हलवत राहिलो. निकाल मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचत होतो.

विलास आधी निघाला. मी चपला घालत होतो तेव्हा ताई दारात आली. “तू फार बोललास,” ती म्हणाली. “त्याने निदान खरं सांगितलं. आता यापुढे कोण सांगेल?”

“त्याच्या भल्यासाठीच बोललो, ताई.”

तिने दार लावून घेतलं.

पुढचं ऐका. शेअर तळाशी रेंगाळला आणि मग सरकायला लागला. ताई दर रविवारी म्हणायची, “आपले दोघांचे आहेत अजून.” मी हो म्हणायचो. शेवटी एके दिवशी मी ते पुन्हा विकत घेतले—विकले होते त्याहून वरच्या भावाला, आणि संख्येने पहिल्याहून कमी. कंपनी आवडली म्हणून नाही. खोटं जरा खरं व्हावं म्हणून. उद्या कुणी खातं दाखव म्हणालं, तर शेअर दिसायला हवेत ना! कुणीही म्हणालं नाही. कोण म्हणणार? आमच्यात तशी पद्धतच नव्हती. आम्ही एकमेकांच्या शब्दावर चालायचो.

शेअर नंतर चांगलाच वर गेला. ताईने ठेवले होते, तिचं भलं झालं. ती कधी त्याबद्दल बोलायची नाही. बोललो मी. नातेवाइकांत, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगनंतर—निकाल वाईट आले, सगळे पळाले, आणि मी कसा जागचा हललो नाही. सांगता सांगता मला तो जिना दिसेनासा झाला. खरंच सांगतो, मधली काही वर्षं मला आठवायचं ते असं, की मी जिन्यात उभा राहिलो, भाव बघितला आणि फोन खिशात घातला.

विलास काही आठवडे आला नाही. मग पुन्हा यायला लागला, पण खायला आणि गप्पा मारायला. त्याने खातं बंद करून टाकलं होतं. शेअरचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचा.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी हे तुम्हाला सांगितलं असतं का? शंका आहे.

विलासच्या लॅबमधला एक सहकारी भोईवाड्यात स्वतःचं सेंटर काढत होता—रक्ताचे नमुने घ्यायचे, तपासून रिपोर्ट द्यायचे. गाळा ठरला होता. त्याला भागीदार हवा होता आणि तो विलासच हवा होता, कारण शीर न सापडणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा विलासची सुई दुखत नसे. विलासचं हे जुनं स्वप्न. कॉलेजात असल्यापासून म्हणायचा, दारावर आपल्या नावाची पाटी पाहिजे. तो आणि सुनीतावहिनी आमच्या घरी आले. वहिनींनी पेढे आणले होते, म्हणजे त्यांच्या मनाने ठरलं होतं.

“भाऊजी, तुम्हीच सांगा ह्यांना,” वहिनी म्हणाल्या. “तुमचं ऐकतात. मी सांगून दमले.”

विलास हसला. “तिला कळत नाही, अव्या. सेंटर म्हणजे पहिलं वर्षभर खालीच जाणार. रोज गल्ला बघायचा आणि गप्प बसायचं. तू बोलला होतास ना त्या वेळी—धीर रक्तात लागतो म्हणून? मी खूप विचार केला त्याच्यावर. ते खरं आहे. माझ्यात नाही ते. मी मध्येच पळेन आणि त्या बिचाऱ्याला पण खड्ड्यात घालेन.”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आणि तोही बघत होता, एका विशिष्ट तऱ्हेने. मी ते खोडून काढावं, असं त्याला वाटत होतं. ‘गाढवा, काहीतरीच काय बोलतोस’—एवढं ऐकायला तो दादरपर्यंत आला होता. पण खोडून काढायचं, तर कशाच्या जोरावर? मी जे सांगायला हवं होतं, ते एकच होतं. ते सोडून दुसरं जे काही सांगितलं असतं, ते त्याला पटलं नसतं.

“बघ बाबा,” मी म्हणालो. “स्वतःला ओळखून असणं ही पण मोठी गोष्ट आहे.”

वहिनींनी पेढ्यांचा पुडा उघडलाच नाही. जाताना टेबलावर ठेवून गेल्या.

सेंटर सहकाऱ्याने एकट्याने काढलं. चाललं, चांगलं चाललं. आता लालबागलाही त्याची शाखा आहे. विलास हॉस्पिटलातच राहिला. घरात त्याची एक प्रतिमा तयार झाली, घाबरट माणसाची. ती त्याने स्वतःच तयार केली, स्वतःवर विनोद करून करून. टीव्ही घ्यायचा असो की मुलीचं कॉलेज बदलायचं असो, म्हणायचा, “मला विचारू नका, मी पळणारा माणूस.” वहिनी आधी चिडायच्या. मग त्यांनी विचारणंच सोडलं.

गेल्या वर्षी गिरगावातल्या एका वाचनालयाने तरुण मुलांसाठी माझं भाषण ठेवलं. विषय त्यांनीच दिला होता: निकाल निराश करतात तेव्हा. मी तयारी चांगली केली. घेण्याचं कारण आधी लिहून ठेवा. भाव आणि कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका शेअरमध्ये इतकं घालू नका की झोप उडेल. सगळं खरं, सगळं उपयोगी. आणि मग मी नेहमीचं उदाहरण दिलं. पंपांची कंपनी. माझा एक मित्र, नाव सांगत नाही, मी नको म्हणत असताना घाबरून विकून बसला—

मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केला. विलास होता. तो येणार हे मला माहीत नव्हतं. शेजारी त्याची मुलगी केतकी बसली होती. तिला नुकती नोकरी लागली होती.

“तो मित्र मीच!” तो उभा राहून मोठ्याने म्हणाला. “बघून घ्या, असा दिसतो.”

सगळं सभागृह हसलं. विलासने दोन्ही बाजूंना वळून नमस्कार केला, नटासारखा. केतकी खाली बघत होती. आणि मी—व्यासपीठावर, माइकसमोर—मी पण हसलो. मग म्हणालो, “असा मनमोकळा माणूस विरळा,” आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मेधाताई पुढच्याच रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर विलास केतकीला घेऊन माझ्याकडे आला. “काकाकडून शीक,” तिला म्हणाला. “माझ्यावर जाऊ नकोस.” तिने वाकून नमस्कार केला. मग तिला ताईला घेऊन खाली जायला सांगून तो मागे थांबला. माणसं पांगली होती, एकजण खुर्च्या गोळा करत होता. विलास चष्मा पुसत होता. बोलायचं असलं की तो चष्मा पुसतो.

“अव्या, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार की.”

“त्या दिवशी, शेअर पडला तेव्हा—तुला जरा पण भीती नाही वाटली? थोडी पण?”

तो चिडून विचारत नव्हता. शंका घेऊन विचारत नव्हता. इतकी वर्षं तो हे एकटा घेऊन बसला होता, आणि त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं की दुसऱ्या माणसाच्या आत काय असतं. मी ‘वाटली’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. विकल्याचं सांगायचीही गरज नव्हती. एवढा एक शब्द.

मी म्हणालो, “नाही रे.”

“वाटलंच मला,” तो म्हणाला. चष्मा लावला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि जिना उतरून गेला.